कसारा घाटाचा कडा: खचलेला की झिजलेला?

नाशिकहून मुंबईकडे निघाले की इगतपुरीपर्यंत जमीन फारशी उतरत नाही. शहर समुद्रसपाटीपासून पावणेसहाशे-सहाशे मीटरवर आहे आणि इगतपुरीही सहाशेच्या आसपास. तिथे पठार एकदम संपते आणि कसाऱ्यापर्यंत जवळजवळ तीनशे मीटर खाली उतरावे लागते. याच उतारामुळे रेल्वेला थळ (म्हणजेच कसारा) घाटात १ ला ३७ असा चढ घ्यावा लागला आणि कसाऱ्याला गाड्यांना मागून बँकर इंजिने लावावी लागली.

या कड्याबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारे उत्तर असे आहे: कोकणाची बाजू खचली आणि सह्याद्री भिंतीसारखा उभा राहिला. कड्याखाली उत्तर-दक्षिण मोठा विभंग, म्हणजे खडक तुटून सरकल्याची भेग, आहे, त्याच्या पश्चिमेचा भाग खाली गेला, असे त्यात गृहीत धरलेले असते. दुसरे उत्तर असे की इथे मोठा विभंग नाहीच. कडा मूळचा बराच पश्चिमेला, समुद्राजवळ होता आणि झिजत झिजत पूर्वेला सरकत इथवर आला. या दोन उत्तरांतले कोणते खरे, हे नाशिकच्या बाजूने निघून खडकातच कसे तपासायचे, याचा हा प्रकरण अभ्यास आहे. निवाडा आधीच सांगून टाकतो, कारण लेख त्यासाठी नसून तिथवर पोहोचण्याच्या वाटेसाठी आहे: कसाऱ्याचा कडा झिजेचा आहे. भूपट्ट फाटल्याची खरी खूण त्याच्या पश्चिमेला, पनवेलच्या पट्ट्यात, थरांच्या वाकात आहे.

फाटलेली कड

भारतीय भूपट्टाची पश्चिमेची आजची सीमा किनाऱ्यावर नाही. ती अरबी समुद्रात पार दूर, कार्ल्सबर्ग कटकाशी, म्हणजे समुद्रतळावरच्या डोंगररांगेशी, आहे. पण आपला किनारा ही एकेकाळची सीमाच होती. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर भारतापासून सुटला. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा ओतला गेला. त्यानंतर लवकरच, म्हणजे सुमारे ६.३ कोटी वर्षांच्या आसपास, सेशेल्सचा तुकडा भारतापासून अलग होऊन मधे नवा समुद्रतळ तयार होऊ लागला. अशी फाटून शांत झालेली कड जगात अनेक ठिकाणी आहे आणि तिच्या पाठीशी समुद्राला समांतर असा उंच कडा असणे हेही नवे नाही. दक्षिण आफ्रिकेत आहे, पूर्व ब्राझीलमध्ये आहे. आपल्याकडचे वेगळेपण एवढेच की कडा जवळजवळ आडव्या लाव्हाप्रवाहांत कोरलेला आहे. आडवे थर म्हणजे मोजणाऱ्याच्या हातात आयती पट्टी. कुठे थर तुटला, कुठे वाकला, किती खाली गेला, हे उंचीवरून सांगता येते. ग्रॅनाइटच्या प्रदेशात ही सोय नसते.

दोन उत्तरे, दोन वेगळ्या खुणा

समजा कड्याच्या पायथ्याशी तीनशे मीटर खाली सरकवणारा विभंग आहे. मग इगतपुरीला पठारावर जो प्रवाह दिसतो, तोच कसाऱ्याजवळ तीनशे मीटर खाली पुन्हा दिसला पाहिजे. खालून वर चढताना प्रवाहांची तीच माळ दोनदा मिळाली पाहिजे. उलट कडा निव्वळ झिजेचा असेल, तर कसाऱ्याला दिसणारे प्रवाह इगतपुरीच्या प्रवाहांपेक्षा जुने असतील, घाट चढताना माळ एकदाच आणि क्रमाने मिळेल, आणि कड्याच्या पश्चिमेला तुटून राहिलेल्या डोंगरांत पठाराचे थर मूळच्याच उंचीवर सापडतील. यात संदिग्ध काही उरत नाही. अडचण एकच आहे, तोच प्रवाह पुन्हा दिसला हे ओळखायचे कसे?

बसाल्टचा एक प्रवाह दुसऱ्यासारखाच दिसतो. नाशिक-इगतपुरी भागात तर प्रवाह बहुतांशी पाहोएहोए जातीचे (गुळगुळीत सालीच्या, संथ पसरणाऱ्या लाव्ह्याचे), अनेक पातळ जिभा एकमेकींवर चढून बनलेले संयुक्त प्रवाह आहेत. एक जीभ शंभर मीटरवर संपते, तिच्या जागी दुसरी येते. त्यामुळे "खालून पाचवा प्रवाह" अशी मोजणी इथे निरुपयोगी आहे. नवख्या गटाची पहिली चूक नेमकी हीच असते. घाटाच्या दोन वळणांवर प्रवाह मोजायचे, आकडा जुळला नाही की मधे विभंग काढून मोकळे व्हायचे. नकाशावर उमटलेल्या अशा कितीतरी विभंगांच्या जागी प्रत्यक्षात जीभ संपलेली असते, इतकेच.

लाल बोलही फसवतो. दोन प्रवाहांमधला तो विटकरी, मातकट थर दुरून रेघेसारखा दिसतो, म्हणून खुणेचा वाटतो. पण बोल अनेक पातळ्यांवर आहेत, कुठे जाड, कुठे बोटभर, कुठे नाहीच. शिवाय वरच्या लाव्ह्याने भाजलेला बोल आणि नंतर पाण्याने कुजून लाल झालेला प्रवाहाचा माथा यांत फरक करावा लागतो. पहिल्याची वरची सीमा धारदार असते, दुसऱ्याचा रंग खाली हळूहळू विरत जातो आणि त्यात मूळ पोकळ्या अजून दिसतात. विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात, तो पोकळ्यांत पांढरी खनिजे भरलेला खडक असाच कुजून लाल होतो.

खरा आधार मोठ्या स्फटिकांच्या बसाल्टचा. काळ्या-करड्या खडकात प्लॅजिओक्लेज फेल्डस्पारच्या दोन-चार सेंटिमीटर लांबीच्या पांढुरक्या पट्ट्या विखुरलेल्या दिसतात. एकदा पाहिला की हा खडक विसरता येत नाही. सह्याद्रीतल्या प्रवाहांची विभागणी करताना सगळ्यात जुन्या गटाला कळसूबाई उपगट असे नाव दिले गेले. त्यात खालून वर जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी आणि भीमाशंकर ही फॉर्मेशन्स, म्हणजे एकत्र ओळखता येणारे प्रवाहांचे संच, येतात. त्यावर लोणावळा उपगट, त्यावर वाई उपगट. कळसूबाई उपगटात फॉर्मेशनच्या माथ्याजवळ मोठ्या स्फटिकांचे थर येतात आणि त्यातल्या एकाला थळ घाटाचेच नाव आहे. तरी सावध राहावे, कारण असे थर एकाहून जास्त आहेत. नुसते "मोठे स्फटिक दिसले" एवढ्यावर दोन ठिकाणचे थर एक मानले तर पुन्हा खोटा विभंग तयार होतो. थराच्या वर आणि खाली निदान पन्नास मीटरचा क्रम दोन्ही ठिकाणी नोंदवून मगच जोडणी करावी.

शंका उरलीच तर रासायनिक तपासणी. यासाठी प्रवाहाच्या मधल्या, घट्ट भागातून एक-दोन किलो ताजा खडक घ्यायचा. हातोड्याने फोडून कुजलेली साल आणि पोकळ्यांतली खनिजे वेचून टाकायची. ही वेचणी कंटाळवाणी असते, पण टाळता येत नाही, कारण झिओलाइट आणि कॅल्साइट नमुन्यात राहिले की कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम आणि बेरियमचे आकडे बिघडतात. फॉर्मेशन ओळखायला वापरतात ते आकडे नेमके यांतलेच असतात. तापवल्यावर नमुन्याचे वजन तीन टक्क्यांहून जास्त घटले, तर त्या नमुन्याच्या भरवशावर निष्कर्ष काढू नये.

उंची मोजणे: सगळ्यात साधे, सगळ्यात जास्त चुकणारे

इथल्या प्रवाहांचा कल अर्ध्या अंशाच्या आत आहे. क्लिनोमीटर ठेवून तो मोजता येत नाही, कारण एखाद्या जिभेचा मूळचाच उतार दहा-पंधरा अंशांचा असू शकतो. म्हणून खुणेच्या थराची उंची लांब-लांबच्या ठिकाणी मोजायची आणि त्यावरून कल काढायचा. सगळा निकाल उंचीच्या आकड्यांवर अवलंबून असल्याने इथे थोडे थांबायला हवे.

मोबाइलमधला जीपीएस उभ्या दिशेने दहा-वीस मीटर सहज चुकतो. त्याहून घातक चूक वेगळीच आहे. काही ॲप समुद्रसपाटीपासूनची उंची न देता गणिती लंबगोलापासूनची उंची देतात. आपल्या भागात या दोन्हींत साठ मीटरच्या आसपास फरक आहे. गटातल्या दोघांच्या फोनवर दोन वेगळी ॲप असली तर कागदावर साठ मीटरचा विभंग आपोआप उभा राहतो. दिवस सुरू करण्याआधी सगळी उपकरणे एकाच ठिकाणी, उंची माहीत असलेल्या खुणेवर ठेवून ताडावीत. रेल्वे स्थानकाच्या नावाच्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. तिचा यासाठी चांगला उपयोग होतो.

दाबावर चालणारा अल्टिमीटर थोड्या वेळासाठी जीपीएसपेक्षा नेमका असतो. पण आपल्या अक्षांशात हवेचा दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास वर आणि दुपारी चारच्या सुमारास खाली जातो. हा फरक तीन-चार मिलिबारचा असतो आणि या उंचीवर एक मिलिबार म्हणजे सुमारे नऊ मीटर. सकाळी इगतपुरीला जुळवलेला अल्टिमीटर दुपारी त्याच जागी पंचवीस-तीस मीटर जास्त उंची दाखवेल. म्हणून दर तासा-दीड तासाने ओळखीच्या खुणेवर परत यावे, किंवा एक अल्टिमीटर तळावर ठेवून दर पंधरा मिनिटांनी त्याचे आकडे टिपावेत आणि संध्याकाळी दुरुस्ती करावी.

१:५०,००० प्रमाणाच्या टोपोशीटवर समोच्च रेषा वीस मीटरच्या असतात. उपग्रहावरून केलेली उंचीची प्रतिमाने तीस मीटरच्या चौकटीची असतात आणि उभ्या कड्यावर चौकटीच्या आत शंभर मीटरचा फरक दडू शकतो. त्यामुळे कड्यावरच्या थराची उंची प्रतिमानावरून वाचू नये. पठारावरच्या बिंदूसाठी मात्र ते चालते.

आता गणित. आकडे पद्धत दाखवण्यापुरते घेतले आहेत. खुणेच्या थराचा माथा अ या ठिकाणी ६२० मीटरवर, ब हा अ च्या पश्चिमेला १० किलोमीटरवर, तिथे ६३० मीटर, आणि क हा अ च्या दक्षिणेला १० किलोमीटरवर, तिथे ५७५ मीटर. पश्चिमेकडून पूर्वेकडे उतार किलोमीटरला १ मीटर, उत्तरेकडून दक्षिणेकडे ४.५ मीटर. दोन्हींच्या वर्गांची बेरीज २१.२५, तिचे वर्गमूळ ४.६. म्हणजे थराचा खरा उतार किलोमीटरला ४.६ मीटर, कोनात सांगायचे तर ०.२६ अंश. उताराची दिशा दक्षिणेपासून पूर्वेकडे साडेबारा अंश. प्रत्येक उंचीत दहा मीटरची चूक धरली तर दोन्ही उतारांत किलोमीटरला सुमारे १.४ मीटरची अनिश्चितता येते. दक्षिणेकडचा ४.५ त्यातून टिकतो. पूर्वेकडचा १ टिकत नाही, तो शून्यही असू शकेल. वहीत तसे स्पष्ट लिहावे.

दक्षिणेकडचा हा मंद उतार मात्र खरोखरच सह्याद्रीभर आहे. म्हणूनच इगतपुरीला जुनी फॉर्मेशन्स उघडी आहेत आणि महाबळेश्वरला, जवळपास दोनशे किलोमीटर दक्षिणेला, बरीच वरची. घाटाचा छेद घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. उत्तर-दक्षिण अंतरावरच्या दोन ठिकाणांची तुलना केली की वीस किलोमीटरमागे नव्वद-शंभर मीटरचा फरक विभंगाशिवायच पडतो. तुलना शक्यतो पूर्व-पश्चिम रेषेवरच करावी, नाहीतर आधी हा उतार वजा करावा.

घाट काय सांगतो

दहा-वीस मीटरच्या चुकांचे एवढे पुराण ऐकल्यावर प्रश्न पडेल की निकाल लागणार कसा. पण आपण शोधतो आहोत तो फरक तीनशे मीटरचा आहे. तो कोणत्याही चुकीत लपत नाही.

कसाऱ्याकडून वर येताना प्रवाहांचा क्रम एकदाच मिळतो. पायथ्याचे प्रवाह कळसूबाई उपगटाच्या तळाकडचे, आणि चढत जावे तसे त्यावरचे. पठारावरची माळ खाली पुन्हा येत नाही. इगतपुरीच्या पुढे बारी गावातून कळसूबाईवर, १६४६ मीटरपर्यंत, तोच क्रम आणखी वर चालू राहतो. घाटात लहान विभंग आहेतच, कुठे काही मीटर सरकलेले, कुठे नुसता भुगा झालेला पट्टा. ते नाकारायचे नाहीत. पण त्यांतले कोणतेच पठार आणि कोकण यांच्या उंचीतल्या फरकाचा हिशेब देत नाहीत.

दुसरा पुरावा कड्याच्या समोर उभा आहे. कसाऱ्याच्या नैर्ऋत्येला आसनगावजवळ माहुली, साडेआठशे मीटरहून उंच. दक्षिणेला माथेरान, आठशे मीटर. हे दोन्ही डोंगर कोकणात, सह्याद्रीच्या मुख्य धारेपासून वीस-वीस किलोमीटर पश्चिमेला आहेत. माथेरानच्या कड्यांवरच्या आडव्या पायऱ्या खालच्या रस्त्यावरूनही दिसतात. कोकण खचले असते तर हे डोंगरही सोबत खाली गेले असते. ते पठाराच्या उंचीला टिकून आहेत, म्हणजे मधली जागा खचलेली नाही, पोखरली गेलेली आहे. एकट्या माथेरानने खचण्याचा मुद्दा निकालात निघतो, असे आमचे मत आहे.

तिसरा पुरावा कड्याचा आकार. ताज्या विभंगाचा कडा सरळ असतो. कड्याच्या पायथ्याची वळणांसह लांबी मोजून तिला दोन टोकांच्या सरळ अंतराने भागले तर सरळ कड्याचे उत्तर एकाच्या जवळ येते. कसाऱ्यापासून हरिश्चंद्रगड-भीमाशंकरापर्यंतची धार खाचाखोचांनी इतकी भरलेली आहे की नकाशावर दोरा ठेवूनही फरक कळतो. मात्र या पुराव्याला आम्ही शेवटचे स्थान देतो. वाकडातिकडा कडा आज विभंग नसल्याचे सांगतो, पण कधीकाळी दूर पश्चिमेला विभंग होता का, याबद्दल काहीच सांगत नाही.

उपग्रहचित्रातल्या सरळ रेघांबद्दल एक इशारा. बहुतेक चित्रे सकाळी, सूर्य आग्नेयेला असताना घेतलेली असतात. त्यामुळे ईशान्य-नैर्ऋत्य रेघा उठून दिसतात आणि वायव्य-आग्नेय रेघा झाकल्या जातात. उंचीच्या प्रतिमानावर चार दिशांनी प्रकाश टाकून पाहावे आणि निदान दोन दिशांत दिसली तीच रेघ ठेवावी.

डाइक: ताण कोणत्या बाजूने होता

खडक फाटतो तेव्हा भेगेत लाव्हा शिरतो आणि थिजून डाइक बनतो. भेग ताणाच्या काटकोनात उघडते. म्हणून डाइकांच्या दिशा हा जुन्या ताणाचा लेखाजोखा असतो.

दख्खनमध्ये डाइकांचे तीन मोठे समूह मानतात. नर्मदा-तापी खोऱ्यातले पूर्व-ईशान्य ते पश्चिम-नैर्ऋत्य. कोकण किनाऱ्यालगतचे ढोबळमानाने उत्तर-दक्षिण. तिसरा समूह आपल्या नावाचा, नाशिक-पुणे, आणि या प्रकरणात तोच सगळ्यात बोलका आहे, कारण त्याला ठाम अशी एक दिशाच नाही. भेगा सगळीकडे तोंडे करून उघडलेल्या. म्हणजे त्या वेळी नाशिक-संगमनेर-पुणे भागात जमीन एका ठरावीक बाजूने ओढली जात नव्हती. यातल्या बऱ्याच डाइकांचे रासायनिक गुण वरच्या, वाई उपगटातल्या प्रवाहांशी जुळतात. याचा अर्थ असा की लाव्ह्याचा मोठा पूर चालू होता तेव्हा पूर्व-पश्चिम ताण अजून हावी झाला नव्हता. किनाऱ्याचे उत्तर-दक्षिण डाइक तो ताण दाखवतात, आणि त्यातले बरेच उशिराचे आहेत. आधी लाव्हा, मग फाटणे, असा हा क्रम लागतो.

डाइक मोजताना पहिला शत्रू होकायंत्र. बसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असते आणि डोंगरमाथ्यावर वीज पडलेल्या जागी खडक इतका चुंबकित होतो की सुई वीस-तीस अंशही फिरते. आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरे उत्तर यांतला फरक एका अंशाच्या आत आहे, त्यामुळे तिकडून त्रास नाही. त्रास पायाखालून आहे. सुई खडकाला टेकवू नये, कमरेच्या उंचीवर धरावी. दोन टोकांवरून एकमेकांकडे पाहून दिशा घ्यावी. दोन्ही वाचनांत बरोबर १८० अंशांचा फरक आला नाही तर दोन्ही खोडावीत. सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे डाइकवर शंभर मीटर चालून दोन टोकांचे जीपीएस बिंदू घेणे आणि दिशा त्यांवरून काढणे.

डाइक ओळखण्याच्या खुणा: दोन्ही कडांना बारीक कणांची, कधी काचेसारखी पट्टी, आणि आडवे पडलेले खांब. प्रवाहात खांब उभे असतात, डाइकमध्ये भिंतीला काटकोनात, म्हणजे आडवे. जाडी नेहमी भिंतीला काटकोनात मोजावी. रस्त्याच्या कडेने तिरकी मोजली की ती फुगते.

दुसरी चूक मोजणीची. मुंबई-आग्रा महामार्ग नाशिक ते कसारा ढोबळमानाने ईशान्य-नैर्ऋत्य जातो. त्याला आडवे जाणारे डाइक पटापट सापडतात आणि समांतर जाणारे सापडतच नाहीत. रस्त्याच्या छेदावरून केलेला दिशांचा आलेख म्हणूनच वायव्य-आग्नेय बाजूला झुकतो. यावर उपाय असा की प्रत्येक डाइकला रस्त्याशी असलेल्या कोनाच्या साइनने भागून वजन द्यायचे. कोन ३० अंश असेल तर डाइक दोनदा मोजायचा. कोन १० अंश असेल तर वजन जवळपास सहा येते आणि एकच डाइक सगळा आलेख ओढून नेतो. वीस अंशांखालचे डाइक म्हणून वेगळे काढावेत आणि त्या दिशेसाठी वेगळ्या दिशेने जाणारा दुसरा रस्ता, इथे घोटी-सिन्नरचा, चालावा.

जाता जाता एक उपयोगाची गोष्ट. घट्ट डाइक जमिनीखाली बंधाऱ्यासारखा पाणी अडवतो. नाशिक-सिन्नर भागात विहीर घेताना डाइकच्या चढाकडच्या बाजूला, भिंतीलगतच्या भेगाळलेल्या पट्ट्यात पाणी मिळण्याची शक्यता जास्त असते. डाइक स्वतःच भेगाळलेला असेल तर मात्र तो पाणी अडवत नाही, वाहून नेतो. खोदण्याआधी उघड्या भागात भेगा तपासाव्यात.

वाक पनवेलला

थर खरोखर कुठे झुकतात हे पाहायला किनाऱ्याकडे जावे लागते. मुंबईच्या उत्तरेपासून पनवेलवरून दक्षिणेला अलिबागकडे शंभर किलोमीटरहून लांब अशा पट्ट्यात आडवे प्रवाह पश्चिमेला झुकतात. कल पाच-दहा अंशांचा, काही ठिकाणी त्याहून जास्त. हाच पनवेलचा वाक. एका साध्या हिशेबाने त्याचा आवाका कळतो: दहा किलोमीटर रुंदीत सरासरी सहा अंशांचा कल म्हणजे थर एक किलोमीटरहून जास्त खाली गेला. कसाऱ्याच्या तीनशे मीटरांशी याची तुलना करून पाहावी.

इथे कल कोनात मोजता येतो, पण जिभांच्या मूळ उताराचा धोका राहतोच. तीन खुणा मदतीला येतात. पहिली, खांब. ते प्रवाहाच्या तळाला काटकोनात असतात. पंचवीस-तीस खांबांची सरासरी ऐंशी अंश आली तर प्रवाह दहा अंश झुकलेला. दुसरी, पोकळ्यांतला अकीक. पोकळीत सिलिका सपाट थरांनी साचली असेल तर ते थर साचतानाची आडवी पातळी दाखवतात. आज ते प्रवाहासोबत झुकलेले असले तर वाक नंतरचा, आडवे असले तर आधीचा. तिसरी, डाइक. वाकण्याआधी उभा घुसलेला डाइक प्रवाहासोबत फिरतो. प्रवाह दहा अंश पश्चिमेला झुकला तर असा डाइक पूर्वेकडे ऐंशी अंशांनी झुकलेला दिसेल. नंतर घुसलेला उभाच राहील.

वाक कशामुळे, यावर एकमत नाही. एक मत असे की समुद्राच्या बाजूला कवच ताणून पातळ झाले आणि खाली बसले, त्यासोबत थर वाकले. दुसरे मत वक्र विभंगाचे. वर उभा आणि खाली सपाट होत जाणाऱ्या विभंगावरून खडक घसरतो तेव्हा वरचे थर विभंगाच्या दिशेने लवतात. थर पश्चिमेला लवले आहेत, म्हणजे तो विभंग त्यांच्या पश्चिमेला आणि जमिनीकडे, पूर्वेला, झुकलेला असायला हवा. लाव्ह्यासह फाटलेल्या किनाऱ्यांवर अशी मांडणी जगभर सापडते, म्हणून आम्हाला दुसरे मत जास्त पटते. वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून दक्षिणेला उन्हवऱ्यापर्यंत किनाऱ्याला समांतर गरम पाण्याचे झरे ओळीने आहेत. खोलवर गेलेल्या भेगांचा पट्टा कोकणात आहे, घाटमाथ्यावर नाही, हे त्यावरूनही दिसते.

मग कडा कसाऱ्याला कसा आला

कसाऱ्यापासून समुद्र सुमारे ७० किलोमीटर. कडा आजच्या किनाऱ्याजवळ सुरू होऊन सहा-सव्वासहा कोटी वर्षांत इथवर सरकला असे धरले तर वेग वर्षाला मिलिमीटरच्या आसपास येतो. ही निव्वळ सरासरी आहे, प्रत्यक्षात नदीच्या मुखाशी वेग जास्त आणि मधल्या नाकाडांवर कमी. घट्ट प्रवाह वर आणि कुजका बोल खाली असला की बोल आधी झिजतो, वरचा खडक अधांतरी होतो आणि खांबांच्या भेगांवरून सुटतो. उभा कडा उभाच राहून मागे हटतो, कारण पायऱ्या सारख्या नव्याने तयार होतात.

पठार उंच का राहिले, याचे उत्तरही झिजेतच आहे. कोकणातून हजार मीटर खडक वाहून गेला तर ओझे हलके होते. कवचाची घनता २.८ आणि प्रावरणाची ३.३ धरली तर जमीन साडेआठशे मीटर वर येऊ पाहते. कवच ताठ असल्याने हे उचलणे आजूबाजूला पसरते आणि पठाराची कडही वर येते. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी अरबी समुद्रापासून शंभर किलोमीटरच्या आत असूनही १४६५ किलोमीटर पूर्वेला का जाते, ते यातून उलगडते. त्याच परिसरातून निघालेली वैतरणा मात्र पश्चिमेला उतरून कड्यात मागे मागे कोरत आहे.

घाटात काम करणाऱ्यांसाठी याचा अर्थ ठोस आहे. कड्याखाली मोठा विभंग धरला तर उभा भुग्याचा पट्टा लागेल अशी तयारी केली जाते. इथे धोका आडवा आहे: बोल, प्रवाहांचे सांधे, मांजऱ्या. समृद्धी महामार्गाच्या इगतपुरी-कसारा जुळ्या बोगद्यासारख्या सुमारे आठ किलोमीटरच्या कामात छतावर बोल किती मीटरवर आहे हे आधी माहीत असणे महत्त्वाचे असते, कारण पातळ बोलाखाली कापलेले छत पाणी लागले की सुटते. रेल्वे आणि महामार्गावर पावसाळ्यात येणाऱ्या दरडींचे मूळही बहुधा बोलावरच्या अधांतरी खडकात असते. पाहणी जून सुरू होण्याआधी करावी आणि बोलाच्या पातळीवरच्या ओल्या रेघा फोटोसह नोंदवाव्यात. पाणी तिथूनच बाहेर पडते. रेल्वेच्या कटिंगमध्ये परवानगीशिवाय उतरू नये.

भूकंपाचा हिशेब मात्र यावरून ठरवू नये. भारतीय भूपट्ट आजही उत्तरेला हिमालयाशी रेटला जातो आणि जुन्या भेगा त्या दाबाखाली पुन्हा हलतात. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा धक्का याच पश्चिम कडेजवळ झाला. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची मालिका चालली. नाशिक आयएस १८९३ च्या, म्हणजे भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाच्या, २०१६ च्या आवृत्तीत तिसऱ्या क्षेत्रात आहे. घर बांधताना मानकाच्या लागू असलेल्या आवृत्तीतलेच क्षेत्र धरले पाहिजे, कसाऱ्याला विभंग असो वा नसो.

हा निवाडा कशाने उलटेल, तेही नोंदवून ठेवतो. कसारा-आसनगाव पट्ट्यात, पूर्व-पश्चिम रेषेवर, पाच किलोमीटरच्या आत तोच मोठ्या स्फटिकांचा थर, वर-खालच्या क्रमासह आणि रासायनिक जुळणीसह, शंभर मीटरहून जास्त खाली सापडला, तर तिथे विभंग मानावा लागेल. शोधायचे ठिकाण माहुलीच्या पूर्वेचा पायथा. तिथे दगडाच्या खाणी उघडतात तेव्हा ताजा छेद मिळतो. एका पावसाळ्यात तो शेवाळतो आणि स्फटिक दिसेनासे होतात.